रेंज नसलेलं यंत्र

आमच्या मोठ्या साडभाऊंनी गाणं टेपायची जितकी यंत्रं आजवर नापसंत केली, तितकी यवतमाळ जिल्ह्यात दुसऱ्या कोणी नुसती पाहिलीसुद्धा नसतील. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दारव्ह्याजवळच्या एका गावात त्यांची पिठाची चक्की आहे, आणि गावच्या खंजिरी भजन मंडळाची पदं नि चालीही त्याच चक्कीतून बाहेर पडतात. त्यांना शेतात काही सुचत नाही, देवळात तर नाहीच नाही. मोटर सुरू झाली, पट्टा फिरायला लागला आणि चक्कीचा तो एकसुरी घुमारा लागला, की त्याच सुरावर हे गुणगुणायला लागतात. पायलीभर ज्वारी दळून होईपर्यंत मुखडा तयार. अडचण एवढीच, की चक्की थांबली की मुखडाही गेला. चक्की सुरू ठेवून तिथंच टेपावं, तर पीठ यंत्राच्या पोटात जातं आणि यंत्र चार दिवसांत मरतं. म्हणून मुखडा सुचला रे सुचला, की साडभाऊ गिऱ्हाइकाचं दळण तसंच सोडून मागच्या घरात पळतात. कोठीची खोली चक्कीच्या भिंतीला लागून आहे. तिथं घुमारा ऐकू येतो आणि पीठ येत नाही. बाकीचे आवाज नकोत म्हणून डोक्यावरून गोधडी घेतात आणि आत तोंड घालून गातात. एकदा भर उन्हाळ्यात ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, त्यांना असं पाहिलं आणि ताप आला समजून मला बाभुळगावला फोन लावला. माझं तिथं औषधांचं दुकान आहे. मी गोळ्या घेऊन पोचलो तेव्हा हे गोधडीतून घामाघूम बाहेर आले आणि म्हणाले, "ताप नाही बाप्पा, अभंग हाय."

त्यांचं पहिलं यंत्र लग्नातला टेपरेकॉर्डर. त्याच्यावर त्यांचा फार जीव. "एकच लाल बटन. कोपरानं दाबलं तरी दबते," हे त्याचं त्यांनी केलेलं वर्णन. पीठ माखलेल्या हातांच्या माणसाला यापेक्षा अधिक काय हवं! पुढं त्या टेपाचा आतला पट्टा सैल झाला आणि सगळं गाणं रेंगाळत, जाड्या आवाजात ऐकू यायला लागलं. मंडळातल्या बाकीच्या मंडळींना हे कोण सांगणार? त्यांनी टेपावरून जशी ऐकली तशीच चाल बसवली. चांगली उडती गौळण होती. ती मंडळानं एका सप्ताहात इतकी संथ आणि खर्जात गायली, की समोरच्या दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. साडभाऊ परत येताना एवढंच म्हणाले, "पट्टा बदलू नका. लोकाईले आवडून राह्यलं."

पण शेवटी त्यांच्या हातांचं पीठ त्या टेपातही शिरलं, तो मेला आणि शोध सुरू झाला. त्यांची पुण्याची पुतणी मोठ्या हौसेनं लॅपटॉप, माइक, माइकचा दांडा आणि माइकला घालायची स्पंजाची टोपी घेऊन आली. साडभाऊंनी सगळी मांडणी होईपर्यंत धीर धरला. मग त्या टोपीकडं बोट दाखवून म्हणाले, "गानं इवलंसं, आन त्याले मांडव केवढा! सुचलेलं गानं हे सारं पाहूनच पयून जाईन ना वं." पुतणी हसून हसून खाली बसली, पण माइक तिला परत न्यावा लागला. यवतमाळच्या दुकानात मी त्यांना घेऊन गेलो तो दिवस तर मी विसरणार नाही. दुकानदारानं एक छोटं यंत्र पुढं केलं. यांनी चष्मा लावून ते उलटंपालटं केलं आणि पहिला प्रश्न टाकला, "याले भोकं किती?" दुकानदारानं इतकी वर्षं माल विकला असेल, पण पीठ शिरायच्या वाटा मोजणारं गिऱ्हाईक त्याला नवं होतं. मग यांनी डोळे मिटून बटण सापडतं का पाहिलं, कोपरानं दाबून पाहिलं, शर्टाच्या खिशात घालून वाकून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "काका, हे पाहा ना, यात आजूबाजूचा सगळा आवाज कापला जातो." साडभाऊ दचकलेच. "सारा? मंग माही चक्की कुठं जाईन? तिच्याच सुरात त गातो मी." शेवटी त्यांनी दुकानातला पंखा मोठा करायला लावला आणि त्याच्या घरघरीवर चार ओळी गाऊन, पंखा टेपात उतरला का हे ऐकून घेतलं.

आणि शेवटचा प्रश्न. तो प्रत्येक दुकानात, प्रत्येक यंत्रासमोर ठरलेला. "याले रेंज येते का?"

येते म्हटलं की विषय संपला. यंत्र कितीही गुणाचं असो, ज्याला रेंज येते, नेट लागतं, ज्यातून काही कुठं जाऊ शकतं, ते त्यांना नको. आज गावातल्या शेळ्या राखणाऱ्याकडंही फोन आहे. चक्कीवर दळण ठेवून बाया फोनवर बोलत बसतात. साडभाऊंकडं मात्र फोन नाही, आणि कोणी फोन घेऊन चक्कीत शिरलं की यांचं गुणगुणणं बंद. "फोन आयकत रायते," असं ते सगळ्यांना बजावतात. गावातले पोट्टे मुद्दाम फोन हातात धरून त्यांच्यासमोरून जातात आणि म्हणतात, "बाबाजी, हा आयकून राह्यला हो!" मंडळातले लोक हसतात. ताई कपाळाला हात लावतात. माझी बायकोसुद्धा पदराआड हसते. हसलो नाही तो एकटा मी. त्याचं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यांच्या या वेडाचं मूळ मी आहे.

एके काळी त्यांच्याकडं फोन होता. मीच दिला होता, माझा जुना. आवाज कसा टेपायचा, टेपलेला मला कसा पाठवायचा, हे त्यांना त्याच कोठीच्या खोलीत बसून मी शिकवलं. काही दिवसांनी त्यांच्याकडून पहिलं गाणं आलं. नुसता मुखडा, मागं चक्कीचा घुमारा:

दाणा होतो तवा होतं माझं-तुझं वेगळं...

खाली त्यांनी चाचपडत लिहिलं होतं, "आयक आन सांग." मी दुकानात गिऱ्हाईक नसताना ते ऐकलं. मग गिऱ्हाईक असतानाही ऐकलं. रात्री जेवताना ती ओळ माझ्या तोंडात होती आणि बायको म्हणाली, आज काय झालं तुम्हाला? पण मी साडभाऊंना उत्तर पाठवलं नाही. माझा स्वभावच तसा आहे. चांगलं वाटलं की माझी जीभ जड होते. वाईट वाटलं तरी होते. उद्या भेटल्यावर सांगू, असं म्हणत राहिलो. आणि गंमत पाहा, ज्याला सांगायचं त्याला सांगितलं नाही, पण माझ्या ओळखीचा एक औषध कंपनीचा माणूस भजनाचा शौकीन होता, त्याला मात्र ते गाणं पाठवून दिलं. "बघा, आमच्या साडभाऊंचं." त्यानं कोणाला पाठवलं, पुढं ते कुठं कुठं गेलं, देव जाणे.

त्या साली दारव्ह्याला भजनांची स्पर्धा होती. साडभाऊंनी पद पुरं केलं होतं, मंडळानं बसवलं होतं, ताईंनी सगळ्यांचे सदरे धुऊन इस्त्री केले होते. यांच्या आधीचं मंडळ पलीकडच्या तालुक्यातलं. त्यांनी खंजिरीवर थाप मारली आणि सुरू केलं, "दाणा होतो तवा होतं..." अगदी तीच चाल. मुखडा यांचा आणि पुढं कोणीतरी ठोकून दिलेला अंतरा, सोडा गुटखा, सोडा दारू, असा काहीतरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी साडभाऊंच्या शेजारीच बसलो होतो. त्यांनी मांडीवरची खंजिरी उलटी करून ठेवली. त्यांच्या मंडळानं त्या दिवशी एक जुनंच भजन गायलं आणि खाली उतरलं.

परतीच्या जीपमध्ये त्यांनी मला विचारलं, "साडभाऊ, मी त फक्त तुलेच धाडलं होतं. मंग हे तिकडं कसं गेलं?" त्यांच्या आवाजात संशय नव्हता. ते खरंच विचारत होते. तेव्हा सांगता आलं असतं. मी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणालो, "फोन ऐकत असतात भाऊ. नेटवरून जातं कुठं कुठं." "असं व्हय?" ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन पुसून, कागदात गुंडाळून मला परत पाठवला.

त्यानंतर एक जुनं, हातात मावणारं, रेंज नसलेलं रेकॉर्डर त्यांना कुठूनसं मिळालं. एक बटण, दोन भोकं. ते पोळ्यांच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून राहतं. डब्याला घरातलं कोणी हात लावत नाही, कारण बटण दुसऱ्यानं दाबायचं नाही असा नियम आहे. आणि मी? मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडं जेवलो, दिवाळीला गेलो, त्यांची "फोन आयकते" ही गोष्ट खाली मान घालून ऐकली.

गेल्या उन्हाळ्यात एका नातेवाइकाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. पंगतीत साडभाऊ माझ्या समोर. शेजारी दोन-तीन शिकलेली पोरं फोन काढून बसलेली. साडभाऊंनी नेहमीची गोष्ट सुरू केली. एकानं विचारलं, "काका, तुम्हाला हे सांगितलं तरी कोणी?" साडभाऊंनी मोठ्या अभिमानानं माझ्याकडं हात केला. "आमच्या या साडभाऊनं. शिकलेला मानूस हाय. मेडिकल हाय त्याचं. तो काय खोटं सांगन?" पोरं माझ्याकडं बघून हसली. मी वरण-भातात बोटं घालून बसलो. ज्याच्यावर लोक हसत होते तो माझी बाजू घेत होता, हे मला गिळता येईना.

संध्याकाळच्या आत मी चक्कीवर पोचलो. साडभाऊ सदरा बदलून दळायला लागले होते. मी त्यांच्यासमोर उभा राहून सगळं सांगितलं, एका दमात, थांबलो तर पुन्हा होणार नाही म्हणून. त्यांनी कानाला हात लावला. "काय म्हनतं? आयकू नाही येत!" चक्की सुरू होती. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं आणि ते घुमाऱ्यात गेलं. त्यांनी खटका खाली केला. पट्टा हळूहळू थांबला. तेवढा वेळ वाट पाहणं सर्वांत कठीण गेलं. मग मला सगळं दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

 त्यांनी भुवयांवरचं पीठ पुसलं. पुन्हा खटका वर केला, राहिलेलं दळण पुरं केलं, डब्यात भरलं, झाकण लावलं. मी पोत्यावर बसून होतो. शेवटी चक्की बंद करून ते म्हणाले, "म्हंजे तू आयकलं होतं."

"हो."

"किती डाव?"

"मोजलं नाही भाऊ. पुष्कळदा."

"आवडलं होतं?"

मी मान हलवली.

"मुंडी कायले हालवतं? तोंड नाही तुले?" ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "अरे, गानं गेलं त गेलं. दुसरं सुचलं असतं. मी समजलो का साडभाऊले पटलं नाही, म्हनून तो चूप हाय. म्हनून स्पर्धेनंतर त्या पदावर पुन्हा हात नाही ठेवला मी. फोन आयकते म्हनून फोन वापस केला, आन तू आयकून बसला होता हे मले मालूमच नाही!"

मग ते आत गेले. वाटलं, आता बाहेर यायचे नाहीत. पण आले, हातात पोळ्यांचा डबा. रेकॉर्डर माझ्या हातात दिलं. "मी म्हनन तवा दाब."

"इथं? पीठ जाईल भाऊ."

"जाऊ दे."

त्यांनी चक्कीत कोणाचीतरी ज्वारी ओतली, मोटर सुरू केली, घुमारा लागला. त्यांनी बोट केलं, मी बटण दाबलं. मुखडा झाला आणि मग तो अंतरा आला, जो त्यांच्या मंडळाशिवाय कोणी कधी ऐकलाच नव्हता:

पीठ झालो, आता मला ओळखून दाखव...

गाणं संपल्यावर बटण पुन्हा दाबायचं असतं हे मला सुचलंच नाही. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "लय चांगलं हाय भाऊ."  साडभाऊंनी ऐकून पाहिलं. पंखा ऐकला होता तसंच, कान लावून. मी म्हणालो, "माझं शेवटचं पुसून टाका."

"राहू दे. लय उशिरा आलं हाय ते."

ते पद मंडळ आता गात नाही. गायलं तर लोक म्हणतील यांनीच चोरलं, असं साडभाऊ म्हणतात. रेकॉर्डर अजून जिवंत आहे, जरा घोगरं झालंय. फोन त्यांनी घेतलेला नाही. फोन ऐकत नाहीत हे आता त्यांना ठाऊक आहे, तरी पोट्ट्यांना दम देणं सुटत नाही. सवड मिळाली की मी बाभुळगावाहून जातो. ते कोठीच्या खोलीत नवी ओळ ऐकवतात आणि माझ्या तोंडाकडं पाहत बसतात. मी अजूनही लगेच बोलत नाही, माझी जीभ जडच आहे. ते घाई करत नाहीत. गोधडी बाजूला सारतात, रेकॉर्डर माझ्यासमोर धरतात, कोपरानं बटण दाबतात आणि म्हणतात, "हं, आता बोल."