बा म्हणाल्या, ‘करो’

लग्न होऊन मी साताऱ्याहून बडोद्याला आले तेव्हा जो तो म्हणायचा, शहर मोठं, नळाला पाणी, पोरीनं नशीब काढलं. धुराचं कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी म्हणून नव्हती. चूल पेटली की माझं रडणं सुरू. वर्षभरात डोळे असे झाले की तांदळातला खडा दिसेना. वैद्यांनी स्पष्टच सांगितलं, धुराला वाट करा, नाहीतर हिचे डोळे हातचे जातील. मी विशीचीसुद्धा नव्हते. फार घाबरले.

वाट निघणार होती ती एकाच भिंतीतून, आणि ती भिंत आमची आणि शेजारच्यांची सामाईक. शेजारी गुजराती. एक विधवा म्हातारी, जिला आमची सगळी गल्ली ‘बा’ म्हणायची, आणि तिचा तापट मुलगा. आमचे हे परवानगी मागायला गेले. महाराजांचा कारभार गुजरातीत चालायचा, म्हणून हे कचेरीत गुजराती शिकले होते, आणि त्याची घमेंडही काही कमी नव्हती. परत आले ते हसतच. म्हणाले, “बा म्हणाल्या, करो.” पुढंही काहीतरी बोलल्या म्हणे, पण होकार मिळाला ना, मग बाकीचं कशाला ऐकायचं!

दुसऱ्याच दिवशी गवंडी लावला. चार विटा निघतात न निघतात तोच मुलगा ओरडत आला. भिंतीपलीकडं त्यांचं देवघर, आणि ठाकोरजींच्या अंगावर सगळी माती. हे म्हणाले, तुमच्या आईनंच करा म्हणून सांगितलं. बा म्हणाल्या, मी असं बोललेच नाही. त्यावर यांनी चारचौघांत त्यांना खोटारडी म्हटलं. झालं! काम थांबलं. मुलानं भोक बुजवून टाकलं आणि कोर्टात खेचायची धमकी दिली. बांनी आमच्याकडं बघणंच सोडलं, आणि मी आपली पुन्हा धुरात. मला तर दोन्हीकडचा राग यायचा. भांडणं यांची आणि डोळे माझे!

दिवाळी जवळ आली तसा घरोघरी चुना लागायला लागला. मी ओट्यावर तांदूळ निवडत, म्हणजे चाचपत, बसले होते. आमच्या आणि बांच्या ओट्यांमध्ये तीच सामाईक भिंत पुढं आलेली होती. पलीकडं चुनेवाला आला आणि बांनी त्याला सांगितलं, “आ करो पहेलां धोळजे.” धोळणं म्हणजे चुना लावणं, हे मला ठाऊक होतं. पण ‘करो’ म्हणजे तर ‘करा’, त्याला चुना कसा लावायचा? तर तो बाबा कुंचला घेऊन सरळ त्या भिंतीकडं वळला.

माझ्यानं राहवेना. अबोला गेला खड्ड्यात. मी विचारलं, बा, करो म्हणजे काय? बांनी माझ्याकडं न बघताच भिंतीवर थाप मारली. म्हणाल्या, ही. घराची बाजूची भिंत. मी म्हटलं, मग यांना त्या दिवशी काय सांगितलंत? “करो तो मजियारो छे,” बा म्हणाल्या. भिंत तर सामाईक आहे, मुलाला विचारून सांगते.

अगं बाई! मी कपाळावर हात मारून घेतला. मोडक्यातोडक्या गुजरातीत सगळं सांगितलं तशा बा ओट्यावर बसल्या आणि पोट धरधरून हसल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, भिंतीचं काय गं, मला खोटारडी म्हटलं ते लागलं होतं.

संध्याकाळी यांनी जाऊन बांचे पाय धरले. घमेंड पार उतरली होती. मुलगा एवढंच म्हणाला की धुराडं त्यांच्या छपराच्याही वर काढा, देवघर दिसता कामा नये. कबूल. मग बा म्हणाल्या, “हवे करो.” म्हणजे आता करा. तरी हे जागचे हलेनात. हळूच विचारलं, “बा, कयो करो?” कुठला करो, भिंतीचा की करायचा? तो तापट मुलगासुद्धा हसला.

धुराडं झालं त्या दिवशी बा मुद्दाम बघायला आल्या. मी चूल पेटवली, फुंकर घातली. धूर वर गेला आणि सरळ बाहेर पडला. माझ्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी. बा चिडल्या, गवंड्याला परत बोलवायला निघाल्या. मी त्यांचा हात धरून ठेवला.

“बा,” मी म्हटलं, “हा धूर नाही.”