ओल काढायचं मशीन

एसीच्या नळीखाली बादली ठेवली की थेंब थेंब करत कधी भरते कळत नाही, तसे आमच्या दुकानात किस्से साठतात. नारायणगावात आमचं एसीचं दुकान. आमचे हे खांद्यावर शिडी टाकून घरोघर फिरतात आणि मी बसून फोन घेते. खरं सांगू? दुकान फोनवरच चालतं! ह्यांना सांगू नका.

पावसाळ्यात आमच्याकडं माश्या मारायचं काम. अशा भर आषाढात ढोलकीवाले नाना आले. अख्खा जन्म तमाशाच्या फडात गेलेला माणूस. म्हणाले, "पोरी, थंडी नको मला. तुजं मशीन ओल काढतं का?"

हवेत ओल असली की ढोलकीची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, सैल पडते, आवाज बसतो. नानांची नात मुक्ता त्यांच्याकडंच शिकते. पावसात ढोलकी भद्द वाजायला लागली आणि पोरीला वाटलं, आपल्याच हातात दम नाही. नानांनी लई समजावलं, पण तिनं ढोलकी खोळीत घातली आणि सांगून टाकलं, "नाना, मी सोडलं."

"आता माजा हात चालत न्हाई. तिनं सोडलं तर संपलंच की गं," नाना म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

हे म्हणाले, "ढोलकीला एसी? गाव हसंल!"

"हसू द्या. शिडी उचला!"

ढोलकीच्या खोलीत एसी बसला. ड्राय मोड लावून दिला आणि मी नानांना दम भरला, "दारं-खिडक्या बंद ठेवायच्या. ओलं काही आत न्यायचं नाही. ओला टॉवेलसुद्धा नाही!" नानांनी शाळेतल्या पोरासारखी मान हलवली.

* * *

रिमोटवर ड्राय मोडची खूण म्हणजे पाण्याचा थेंब. आता आमच्या पेठेतले किराणावाले शेठ आयुष्यभर कूलर वापरलेले. त्यांचा व्हिडिओ कॉल आला, "वहिनी, थेंब दिसतोय. पाणी संपलं वाटतं. कुठून ओतू?"

शेठ स्टुलावर, हातात भरलेला तांब्या! मी ओरडलेच, "शेठ, आधी खाली उतरा! ते पाणी मागत नाही, हवेतलं पाणी काढतंय!"

शेठ खाली उतरले आणि म्हणाले, "मग तांब्या खाली धरू का?"

* * *

ओतूरच्या एका ताईंना मी फोनवर तासभर ड्राय मोड समजावला. ड्राय लावलं की ओल जाते, कुबट वास जातो, भिंतीला बुरशी धरत नाही. ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "आमचे मालक रोज पिऊन येत्यात. त्यांच्यावर चालंल का वो हे ड्राय?"

* * *

तळेघरच्या गुरुजींची तक्रार वेगळीच. एसी दिवसभर चालू, नळीतून धो धो पाणी, तरी घरातले कपडे ओलेच! हे डोंगर चढून गेले. बघतात तर काय, एसी चालू आणि खिडक्या सताड उघड्या. बाहेर पाऊस, ढग घरात फिरतायत!

"वारा छान येतो हो," गुरुजी म्हणाले.

हे कपाळावर हात मारून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही घर नाही, भीमाशंकरचं जंगल वाळवताय!"

* * *

गुरुजींचे व्याही म्हणजे आणे गावचे पाटील; तिथं कायमचा दुष्काळ. व्याह्याच्या एसीतून बादलीभर पाणी येतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि हौसेनं तस्साच एसी घेतला. उन्हाळ्यात बसवला, नळीखाली घागर ठेवली. घागर कोरडी ठणठणीत! पाटील तावातावानं दुकानात आले, "पीस खराब हाय!"

ह्यांनी समजावलं, "पाटील, मशीन पाणी बनवत नाही. हवेत असेल तेवढंच काढतं. आण्याच्या पठारावर एप्रिलात हवेत कुठली ओल?"

पाटील खुर्चीत बसले. "म्हंजी जमिनीत न्हाई, आभाळात न्हाई, आन् आता हवेतबी न्हाई!"

मी चहा पुढं केला. पाटलांनी विचारलं, "बदलून मिळंल का वो?"

"एसी?"

"न्हाई. गाव!"

* * *

तर नाना. एसी बसल्यावर नाना रोज फोन करायचे. "पुडी ताठ झाली गं! सूर चढला!" पण मुक्ता काही खोलीत पाऊल टाकेना. नाना एकटेच ढोलकी पुसून ठेवायचे. मी तरी काय करणार? एसी पुडी वाळवेल, पोरीच्या मनाचं काय!

मग एका बाजारच्या दिवशी हे फिल्टर साफ करायला नानांकडं गेले. पाऊस नुसता कोसळत होता. बघतात तर नाना घराबाहेर, बंद खिडकीला कान लावून उभे. बाजारातून येताना नखशिखांत भिजलेले. टोपीतनं पाणी गळतंय, हातात भाजीची पिशवी तशीच, दात कडकडा वाजतायत.

आणि आत ढोलकी घुमत होती. एकटी मुक्ता वाजवत होती.

"अहो नाना, आजारी पडाल! आत चला आधी!" ह्यांनी त्यांचा दंड धरला.

नानांनी हात झटकला, तोंडावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले,

"गप राव! मी भिजल्यालो हाय. ओल आत जाईल ना!"