आईचं काय भेटलं

आर्णीत ब्लाउज शिवणारी माझी नलूमावशी जन्मभर माझ्या आईवर जळली. दोघी सख्ख्या बहिणी. पण आजीचे लांब केस, टपोरे डोळे आणि भीमगीतं गाणारा तो गळा, सगळं माझ्या आईकडे आलं. नावसुद्धा आईचं उर्वशी.

"अन् मी नलू! मले आईचं काय भेटलं? भोपळा!" मावशी आल्या-गेल्या गिऱ्हाइकालाही ऐकवायची. मला तिचा भारी वैताग यायचा.

गेल्या वर्षी मावशीला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. तिनं कधी बिडी ओढली नव्हती, की तंबाखूला हात लावला नव्हता. आजीसुद्धा तशीच, बिडी न ओढता, याच आजारानं गेली होती. म्हणून डॉक्टरांनी दोघी बहिणींचं रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्ट आल्यावर ते मावशीला म्हणाले, "आपल्या आशियाई लोकांत, कधीही बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांतही हा कॅन्सर दिसतो. जीनमधल्या काही फरकांमुळे धोका वाढतो. तसा एक फरक तुमच्यात सापडलाय. बहुतेक आईकडून आला असेल."

"अन् हिच्यात?" मावशीनं आईकडे बोट दाखवलं.

"त्यांच्यात नाही."

आईला रडू आवरेना. मावशी मात्र खुर्चीत ताठ बसली होती. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"कायले रडून राह्यली वं?" ती आईवर खेकसली. "आईनं एवढं एकच मले देलं, तं थेही तुलेच पाह्यजे काय?"