अर्ध्या पिच्चरचा दिग्दर्शक

हाती घेतलेलं काहीही पूर्ण न करता माणूस आयुष्यभर कामात कसा राहू शकतो, हे पाहायचं असेल तर देवबागला यावं आणि कॉलेजात माझ्या बाकावर बसणाऱ्या आमच्या दिग्दर्शकाला भेटावं. पदवीच्या वर्षी त्याने विनोदी सिनेमा काढायला घेतला. चार मित्र, शेवटचा पेपर झालेला, आता पुढे काय, एवढीच गोष्ट. चौघे म्हणजे तो, मी, पुढे जहाजावर नोकरीला लागलेला एक आणि लग्न होऊन म्हापशाला गेलेली एक. आम्ही तिघे पदवी घेऊन पांगलो. याचं प्रमाणपत्र अजून कॉलेजच्या कपाटात पडून आहे. वडिलांनी ते आणायला सांगितलं तेव्हा हा म्हणाला, “माका खंय जावचा नाय, मगे ह्यो कागद कित्याक?” वडील आठवडाभर बोलले नाहीत. तेवढ्यात याने त्यांच्याच होडीत तीन प्रसंग उरकून घेतले.

वल्ह्याला मोबाईल बांधला की त्याचा कॅमेरा तयार. पण नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय एकही शॉट नाही. देवळात मानकरी जसा देवाला साकडं घालतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, अगदी तसंच. सगळ्यांना त्याची इतकी सवय लागली की सिनेमातल्या प्राचार्यांसमोरच्या माझ्या करुण भाषणात मी श्वास घ्यायला थांबलो, तर बघ्यांसकट सारं युनिट ‘व्हय म्हाराजा’ म्हणालं. चार वेळा. मी ते काढायला सांगितलं. “लोकांका पटलेला आसा, ता कापूक मी कोण?” म्हणाला. ते अजून तसंच आहे.

आता राहिलाय फक्त शेवट. मित्र खाडीकाठी निरोप घेतात आणि तिघे होडीत बसून निघून जातात. दर मे महिन्यात आम्ही तेवढ्यासाठी येतो आणि दर वेळी याला कधी ओहोटी आडवी येते, कधी ऊन. यंदा मी चिडलो. माझी मुलगी पाचवीत गेली, पोट सुटलं, आणि मी अजून दप्तर घेऊन तिसऱ्या वर्षाला. आज शेवट झाला नाही तर पुन्हा येणार नाही, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. त्याने आम्हाला होडीपाशी उभं केलं आणि नारळ उचलला.

“बा देवा म्हाराजा, आज ही चारय पोरां तुझ्या पायाकडे इली आसत.”

“व्हय म्हाराजा.”

“दर वर्सा अशीच येवंदेत.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि त्याच्यासाठी ह्यो पिच्चर असोच अर्धो रवांदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही तिघांनी हात जोडून एका सुरात म्हटलं.

म्हणून झाल्यावर कळलं. पण देवासमोर दिलेला शब्द परत कसा घेणार? त्याने शांतपणे नारळ फोडला आणि खोबरं वाटलं. भरती चढत होती, होडी रिकामीच हलत होती. मला राग यायला हवा होता, पण डोळे भरून आले. पिच्चरमध्ये घालायचा कॉलेजातला शर्ट मी यंदाही धुऊन कपाटात ठेवलाय. त्याची दोन बटणं आता लागत नाहीत.