दीदींचा की-बोर्ड

छत्तीसगडचं मंत्रालय नव्या रायपुरात हललं त्या सुमारास मी जुन्या रायपूरच्या सदर बाजारातल्या एका हिंदी सांध्य दैनिकात शहराचं पान पाहत होतो. पान दुपारी छपाईला जाई. मजकूर टाइप करण्याचं काम एका बाईंकडे होतं. त्या मूळच्या अमरावतीकडच्या, टायपिंग क्लासात हिंदी टाइपरायटर शिकून आलेल्या. सगळं ऑफिस त्यांना दीदी म्हणे.

आमच्याकडे बातमीदार स्वतः टाइप करत नसत. दीदींच्या शेजारी एक स्टूल होतं. त्यावर बसून बातमी वाचायची, त्या टाइप करायच्या. नव्या रायपुरातून परतायला बस मिळाली नाही, तर बातमीदार फोनवरून सांगे आणि त्या फोन खांद्याशी धरून काम चालू ठेवत. त्यांची नजर बटणांवर कधीच नसे. ती दाराबाहेरच्या स्कूटरींच्या गर्दीवर असे. वाक्य फसलं की त्यांची बोटं थांबत. आपण वाक्य बदललं की बोटं पुन्हा चालू. संपादनाचं बरंचसं शिक्षण मला त्या स्टुलावर मिळालं.

मग पान लावण्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना संपला. नव्याची किंमत ऐकून मालकांनी ठरवलं, आता सगळं मोफत मिळणाऱ्या, खुल्या सॉफ्टवेअरवर. सोमवारी दीदींनी नेहमीसारखी बोटं चालवली आणि पडद्यावर कुठल्याच भाषेत नसलेले शब्द उमटले. बटणांच्या नव्या मांडणीत अक्षरांच्या जागा वेगळ्या होत्या. शिवाय टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, इथे ती नंतर हवी होती. दीदींची प्रत्येक वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटे.

"दीदी, दिवाली तक देख लो," मालक म्हणाले. "नहीं जमा तो विज्ञापन का काउंटर है ही."

पगार तोच राहणार होता. पण दीदींना जाहिरातींचा काउंटर नको होता, त्यांना हेच काम हवं होतं. त्यांनी बटणांवर अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि खाली बघून एकेक अक्षर शोधू लागल्या. बातमीदार कंटाळले, एका बोटाने आपलं आपण टाइप करू लागले. स्टूल रिकामं राहू लागलं.

"शिकून राहिले ना मी," त्या मला म्हणाल्या. "डोक्याले समजते. बोटं आयकत नाहीत."

"काउंटरवर खुर्ची गादीची आहे, दीदी."

"मंग तुम्हीच बसा. बातमीपेक्षा जाहिरात बरी लिहाल."

हे सॉफ्टवेअर वापरणारे लोक इंटरनेटवर एकमेकांच्या अडचणी सोडवत. तिथे मी आमची अडचण लिहिली. एका अनोळखी माणसाने उत्तर दिलं: टाइपरायटरसारखी मांडणी कोणीतरी आधीच बनवली आहे, वेलांटीचं तेवढं राहिलंय, बाई नेमकं कोणत्या क्रमाने टाइप करतात ते कळवा. मी दीदींच्या खुर्चीत बसलो, त्या स्टुलावर. कोणतं बटण कधी ते त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो.

"किती हळू, भाऊ! यात तं माझा अर्धा पेपर झाला असता."

आठवड्याच्या आत त्या माणसाने दुरुस्ती करून पाठवली.

"पैसे किती झाले त्याचे?" दीदींनी विचारलं.

"काही नाही."

"मंग काहून केलं त्यानं?"

त्याला अडलेलं सोडवायला आवडत असावं, एवढंच म्हणालो.

"पत्ता मांगा त्याचा. दिवाळीचा चिवडा पाठवते."

त्याने पत्ता दिला नाही. आणखी कुठे अडलं तर कळवा, असं मात्र लिहिलं.

"चिवड्याले नाही म्हणते! असा कसा माणूस?" दीदी म्हणाल्या आणि नखाने बटणांवरच्या चिठ्ठ्या खरवडायला लागल्या.

चिठ्ठ्या निघाल्यावर मी स्टुलावर बसलो आणि महापालिकेच्या बैठकीची बातमी वाचायला घेतली. दीदींची नजर रस्त्यावर गेली. बोटं धावू लागली. पडद्यावर शब्द बरोबर येत होते, वेलांट्याही जागच्या जागी. दुसऱ्या परिच्छेदात बोटं एकदम थांबली.

केबिनमधून मालकांनी डोकं बाहेर काढलं. "क्या हुआ दीदी? फिर अटक गया?"

"मशीन ठीक है," दीदी रस्त्याकडे बघतच म्हणाल्या. "भैया अटके हैं."

मी वाक्य बदललं.