आठ पट्ट्यांची तपासणी

संगणकातलं चित्र पडद्यापर्यंत नेणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. असाच एक ड्रायव्हर जगभरातली काही माणसं मिळून सांभाळतात. कोणीही वाचावा, कोणीही दुरुस्त करावा, पगार कोणालाच नाही. इकडे मध्य प्रदेशात, देवासला नोकरी आणि घर सांभाळून गेली काही वर्षं मीही त्यात लुडबुड करते. नवऱ्याच्या मते मी लष्कराच्या भाकऱ्या भाजते, आणि त्याचं फारसं चुकतही नाही.

मागच्या वर्षी आमच्या प्रमुखाची मेल आली. हा गृहस्थ युरोपात उत्तरेला कुठेतरी राहतो, मी त्याला कधी पाहिलेलं नाही. त्यानं लिहिलं होतं, जुन्या डब्याच्या टीव्हीला चित्र पाठवणारा भाग वर्षानुवर्षं कोणी तपासलेलाच नाही. महिन्याभरात कोणी तपासून दिला नाही, तर पुढच्या आवृत्तीतून तो काढून टाकतो. मी मागचापुढचा विचार न करता कळवून टाकलं, मी तपासते.

खरं सांगायचं तर मला त्या कोडचं एवढं पडलेलं नव्हतं. मला नानांचं पडलेलं होतं. नाना म्हणजे माझे वडील. धारला बसस्टँडजवळ त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. अमझेऱ्याहून लोक गोधडीत गुंडाळून सेट घेऊन यायचे आणि चित्र येईपर्यंत बाकावरून हलायचे नाहीत. मग सपाट टीव्ही आले. ते बिघडले की उघडत नाहीत, पॅनेल बदलतात. नानांनी दुकान बंद केलं आणि हळूहळू बोलणंही बंद केलं. फोनवर ‘बरं आहे’च्या पुढे गाडी जाईना. घरचा एकवीस इंची सेट मात्र त्यांनी ठणठणीत ठेवला होता. मला वाटलं, या निमित्तानं त्यांच्या हाताला काम मिळेल. तो भाग उडाला, तर हे कामही गेलं.

एक जुना संगणक मी धारला नेऊन ठेवला आणि त्याची पिवळी पिन, म्हणजे टीव्हीला चित्र देणारी वायर, सेटच्या मागे लावून दिली. देवासला परत आल्यावर मी इंटरनेटवरून त्या संगणकाला हुकूम सोडायचे आणि पडद्यावर काय दिसतं ते नाना फोनवर सांगायचे. उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार. तपासणीचं चित्र अगदी साधं होतं. आठ उभे रंगीत पट्टे, डावीकडे पांढरा, उजवीकडे काळा.

“लिही,” नाना म्हणाले. “काळा, निळा, लाल, राणी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा.”

“डावीकडून सांगताय ना?”

“डावीकडूनच. मला काय डावं-उजवं समजत नाही?”

तीनदा विचारलं, तीनदा तेच. मी प्रमुखाला कळवलं की चित्र उलटं येतंय. त्या बिचाऱ्यानं दोन संध्याकाळी कोड पिंजून काढला आणि लिहिलं, काहीच सापडत नाही.

शनिवारी मी धारला गेले. बघते तर नाना सेटच्या मागे स्टुलावर बसलेले. एका हातानं पिवळी पिन दाबून धरलेली, आणि समोर खुर्चीवर आरसा टेकवून ठेवलेला. टीव्ही मेकॅनिकची ही जन्माची सवय. हात सेटच्या पोटात, पडदा पलीकडे, मग चित्र आरशातच बघायचं.

“नाना! तुम्ही आरशात बघून सांगत होतात?”

“तो और कहाँ देखता? पिन ढिली आहे, छोड दी की चित्र गायब.”

“अहो, आरशात उलटं दिसतं!”

नानांनी आरशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अक्षरं असती तर आपोआप सुलटी वाचली असती गं. इतकी वर्षं तेच केलं. पट्ट्यांचं ध्यानातच नाही आलं.”

मी तापट आहे. त्या वेळी हसायला हवं होतं, मी भडकले. जगासमोर माझं हसं झालं, दोन दिवस त्या माणसाला फुकट राबवलं, असं काय काय बोलले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “बापाशी असं बोलतात का?” नाना चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले. ते आठवलं की अजून माझी मला लाज वाटते.

संध्याकाळी मी माफीची मेल लिहायला बसले. नानांनी विचारलं, काय लिहिलंस. मी सांगितलं, ‘आमच्याकडे थोडा गोंधळ झाला’.

“गोलमाल नको. साफ लिही, चूक मेकॅनिकची होती, तो आरशात बघत होता. गिऱ्हाइकाला खरं सांगावं.”

तसंच लिहिलं. प्रमुखाचं उत्तर सभ्य होतं, पण आखूड. हरकत नाही, मात्र शुक्रवारपर्यंत निर्दोष अहवाल आला नाही, तर तो भाग काढावा लागेल.

रविवारी सकाळी नानांना पडद्यासमोर बसवलं आणि पिन मी धरली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत आठही पट्टे बिनचूक. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

“रुक,” नाना म्हणाले. “सेट अजून गरम कुठे झालाय?”

वीसेक मिनिटांनी पट्ट्यांचा रंग गेला. सगळे करडे झाले आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच परत रंगले. नाना म्हणाले, रंग सुटतोय. मी म्हटलं, सेट म्हातारा झालाय.

“सेट माझा आहे,” नाना म्हणाले. “खोट तुमच्या तरफ आहे.”

एकदा तोंडघशी पडल्यावर पुन्हा तक्रार करायची माझी छाती नव्हती. मी म्हटलं, आता कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि जेवून झोपले. उठले तेव्हा दुपार कलली होती. नाना तिथेच होते. त्यांनी त्याच सेटला, त्याच जागी जुना डीव्हीडी प्लेअर लावला होता आणि एकटेच पिन धरून, समोरच्या आरशात नजर ठेवून बसले होते. कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे वेळा लिहिल्या होत्या. डीव्हीडीवर रंग एकदाही सुटला नव्हता. मग त्यांनी माझ्यासमोर संगणक जोडला. थोड्या वेळात रंग गेला. पुन्हा डीव्हीडी, पुन्हा संगणक. तीनदा तेच झालं.

“आता बोल,” ते म्हणाले.

मी मुकाट्यानं कोड उघडला. टीव्हीला रंग एका लहरीवरून जातो आणि त्या लहरीची गती अगदी नेमकी लागते. थोडी चुकली तर थंड सेट सांभाळून घेतो, पण तापला की त्याची पकड सुटते. आमच्या ड्रायव्हरात त्या गतीच्या आकड्याचे शेवटचे काही अंक कधीकाळी कोणीतरी छाटून टाकले होते. मी ते भरले आणि पिन धरून, आरशात बघत बसले. आई तुळशीपाशी दिवा लावून आत आली, तरी आठही पट्टे जसेच्या तसे रंगीत होते.

“नाना, चुकले मी,” मी म्हटलं.

“पिन सोड आता. हात अवघडला असेल.”

मी त्यांना विरंगुळा द्यायला निघाले होते, जणू मीच त्यांच्यावर उपकार करत होते. प्रत्यक्षात, नको तितकं ऐकून घेतल्यावरही, त्यांनी माझं काम तडीस नेलं. देवासच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी रडले, आणि मला मनापासून बरं वाटलं.

शुक्रवारी प्रमुखानं दुरुस्ती स्वीकारली आणि तो भाग राहिला. आमच्याकडे प्रत्येक दुरुस्तीखाली ती कोणी तपासली त्याचं नाव घालतात. मी नानांचं पूर्ण नाव घातलं होतं, आपल्या पद्धतीनं, मध्ये त्यांच्या वडिलांच्या नावासकट. फोन करून ती ओळ वाचून दाखवली.

नाना मग म्हणाले, “हे नंतर पुसून टाकतात का?”

“नाही. उद्या तो भाग काढला तरी ही ओळ नोंदीत राहते. कायमची.”

मग त्यांनी आईला हाक मारली, “अगं, गॅस बंद कर, इकडे ये. छोरी काय वाचतेय ते ऐक.” आणि मला म्हणाले, “हं, परत वाच. सावकाश.”

मी वाचायला लागले. आजोबांच्या नावापर्यंत आले आणि तिथेच थांबले. आडनाव नानांनीच म्हटलं.