सुईचं न सापडलेलं टोक

‘डोक्यातून काढून टाक’ असं तुम्ही आजवर किती जणांना सांगितलंय? खरं सांगा, इथे कोणी बघत नाहीये. आणि सांगताना समोरच्याचं डोकं म्हणजे काय तांदळाचा डबा वाटला होता? झाकण उघडायचं, खडा वेचायचा, खिडकीतून भिरकावायचा, संपलं?

चुंबकमावशीने हे वाक्य नऊ वर्षं ऐकलं. नवऱ्याकडून, नणंदेकडून, कारखान्यातल्या बायकांकडून. एकदा तर दाताच्या डॉक्टरकडूनसुद्धा. ती प्रत्येकाला म्हणायची, ‘‘हो, काढते.’’ जणू हौसेनेच आत ठेवून बसली होती!

तिचं खरं नाव पगारपत्रकावर आहे, पण तिथून ते कधी खाली उतरलं नाही. कारखाना तान्ह्या बाळांच्या कपड्यांचा. दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक दालन, ट्यूबलाइटच्या चार रांगा, त्यांच्याखाली चाळीस मशिनं, आणि कापसाचा भुगा असा की संध्याकाळी प्रत्येकीच्या भुवया पांढऱ्या. मावशीचं मशीन खिडकीपासून तिसरं. झबल्याला गळ्याची पट्टी लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्या दालनात एक नियम आहे, आणि तो देवाच्या आज्ञेसारखा पाळतात. मशीनची सुई तुटली की पाय उचलायचा, मशीन बंद करायचं, हात वर करायचा. मग सुपरवायझर चुंबक घेऊन येतो. तुकडे शोधायचे, पांढऱ्या कागदावर एकापुढे एक मांडायचे, सुई पुन्हा अख्खी जुळली की वरून चिकटपट्टी लावायची आणि खाली शिवणारणीने सही करायची. सुई जुळेपर्यंत नवी सुई मिळत नाही आणि त्या टेबलावरचा एकही कपडा हलत नाही. बरोबरच आहे. तान्ह्या बाळाला बोलता येत नाही. टोचलं तर ते फक्त रडणार, आणि रडायला तर त्याला हजार कारणं असतात.

नऊ वर्षांपूर्वी मावशीची सुई तुटली, तीन तुकड्यांत. वरचा तुकडा मशीनमध्येच होता, मधला पायाशी सापडला. टोक काही सापडेना. अर्धा तास चुंबक फिरला. सगळ्या जणी गुडघ्यांवर रांगत होत्या. खाली गाडी उभी, ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवतोय. शेवटी सुपरवायझरने खणातून एक जुनी सुई काढली, पक्कडीने तिचं टोक मोडलं आणि कागदावर उरलेल्या जागेत ठेवलं.

‘‘घ्या. जुळली,’’ तो म्हणाला. ‘‘सही करा, मावशी.’’

‘‘अहो, पण हे टोक...’’

‘‘टोक टोकासारखंच असतं. मालकांना वर जाऊन तुम्ही सांगणार आहात का? करा.’’

तिने सही केली. सहाशे झबली गाडीत गेली. पिवळी, गळ्याला पांढरी पट्टी.

तक्रार आली नाही. त्या महिन्यात नाही, त्या वर्षात नाही. टोक बहुतेक कुणाच्या तरी चपलेत रुतून रस्त्यावर गेलं असेल. मावशीला हे कळत नव्हतं असं समजू नका. तिला ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. रोज शंभरदा स्वतःलाच समजावून सांगत होती की! पण रस्त्यात कुठलंही बाळ रडलं की तिच्या कानात ‘टक्’ असा बारीक आवाज यायचा, सुई मोडतानाचा. बसस्टॉपवर पिवळ्या कपड्यातलं मूल दिसलं की ती त्याच्या मागे चालायला लागायची. एकदा अशीच तीन गल्ल्या गेली. त्या आईने वळून विचारलं, ‘‘काय हवंय हो तुम्हाला?’’ मावशी काय सांगणार? ‘‘काही नाही, माझं टोक हरवलंय’’?

मग तिने स्वतःचा चुंबक घेतला. काडेपेटीएवढा, काळा, साडीच्या ओच्यात बांधलेला. आधी शिवलेल्या प्रत्येक कपड्यावरून एकदा फिरवायचा. मग तीनदा. मग तीनदा फिरवताना मध्ये कुणी बोललं तर पहिल्यापासून. पुढे घरी गादीवरून, उशीवरून, भाकरीच्या पिठावरूनसुद्धा. बायकांना तर चेष्टेला निमित्तच मिळालं.

‘‘मावशी, जरा माझ्या नवऱ्यावरून फिरवा ना. रोज संध्याकाळी कुठे चिकटतो ते तरी कळेल!’’

‘‘आणि माझ्या सासूच्या काळजावरून. लोखंडाचंच निघणार, पैज!’’

मावशीही हसायची. हसता हसता ओच्यातला चुंबक चाचपायची.

एवढ्यावर निभावलं असतं. जगात विक्षिप्त माणसं काय कमी आहेत? पण लेकीला मुलगी झाली आणि लेक तीन महिन्यांसाठी माहेरी आली. आता घरातच बाळ. रात्रंदिवस कपड्यांत गुंडाळलेलं, आणि कधीही रडणारं.

मावशीने नातीला मांडीवर घेतलं नाही असं नाही. घेतलं, पण चुंबक फिरवायला. एक दिवस लेक आंघोळीला गेली होती. बाळ रडायला लागलं. मावशीने झबलं उलटं करून पाहिलं, चुंबक फिरवला, काही नाही. पुन्हा फिरवला. मग बोटांनी पाठ चाचपली, कातडीत तर रुतलं नसेल? वीस मिनिटं. लेक बाहेर आली तेव्हा बाळाच्या पाठीवर लाल लाल वळ उठले होते, आणि आपली आई पुटपुटत होती, ‘‘आहे, इथेच कुठेतरी आहे.’’

लेकीने बाळ ओढून घेतलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

‘‘आई,’’ ती म्हणाली, ‘‘यापुढे तुझा हात हिला लागू देणार नाही मी. आणि हे असंच राहिलं तर पुन्हा इथे आणणारही नाही.’’

मावशी स्वयंपाकघरात जाऊन बसली. कुठल्याच बाळाच्या अंगाला टोचू नये म्हणून नऊ वर्षं जीव टांगणीला लावला, आणि घरच्याच बाळाच्या अंगावर वळ उठले ते तिच्याच बोटांनी.

तिला दवाखान्याचा रस्ता दाखवला तो कारखान्यातल्या मिस्त्रीने. मशिनं दुरुस्त करणारा साठीचा माणूस, तोंड फाटकं. त्या आठवड्यात मावशीचं मशीन बिघडलं होतं: पॅडलवरून पाय काढला तरी सुई दोन-चार टाके पुढे धावायची. मिस्त्री मशीनखाली आडवा पडून क्लच खोलत होता. मावशी शेजारी उभी राहून तिसऱ्यांदा विचारत होती, ‘‘तुमच्या खिशातून काही पडलं नाही ना हो?’’

मिस्त्री खालूनच म्हणाला, ‘‘मावशी, पाय उचलला तरी मशीन थांबत नसलं तर मी शिवणारणीला शिव्या देतो का?’’

‘‘नाही.’’

‘‘का नाही?’’

‘‘क्लच गेलेला असतो. तिचा काय दोष?’’

‘‘मग!’’ तो बाहेर सरकला आणि तेलकट बोट तिच्या कपाळाकडे करून म्हणाला, ‘‘तुमचा पाय कधीचाच वर आहे. इथलं थांबत नाहीये. माझ्या धाकट्या भावाचं असंच होतं, हात धुवायचं. कातडी सोलून निघायची. आम्ही मूर्खांनी त्याला मारला, कोंडला, नळाला कुलूप घातलं. शेवटी सरकारी दवाखान्यात नेला. तिथे पाटीवर मानसोपचार लिहिलंय म्हणून आम्हाला चार वर्षं लाज वाटत होती. लाज कसली, डोंबलाची!’’

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. बाहेर रांग जिन्यापर्यंत होती. पण त्यांनी ऐकून घेतलं. सुईची गोष्ट संपल्यावर विचारलं, ‘‘आणि सुईच्या आधी?’’

मावशी म्हणाली, ‘‘अकरा वर्षांची होते तेव्हा स्टोव्ह विझला का ते बघायला शाळेतून पळत घरी यायचे.’’

‘‘आणखी?’’

‘‘लेक तान्ही होती तेव्हा घरातल्या सगळ्या सुऱ्या माळ्यावर टाकल्या होत्या. वाटायचं, माझ्या हातून तिला... मला तसं काही करायचं नव्हतं हो, बाई. देवाशपथ.’’

‘‘माहीत आहे,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘करायचं नव्हतं म्हणून तर इतकी भीती वाटली. हा विचार पुष्कळांना येतो. सांगत कोणी नाही.’’

आजवर हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पदराने तोंड झाकून ती किती तरी वेळ रडली. बाहेरच्या रांगेने दार वाजवलं. डॉक्टरीणबाईंनी वाजू दिलं.

मग मावशीने मिस्त्रीचं क्लचचं म्हणणं सांगितलं. डॉक्टरीणबाई हसल्या. ‘‘तुमचा मिस्त्री अर्धा डॉक्टर आहे. हे बघा. इथे, डोळ्यांच्या वर, कपाळामागे मेंदूचा एक भाग असतो. काही चुकलं का याचा वास घेत बसणं हे त्याच्या कामांपैकी एक. आणि खूप आत काही भाग असे असतात, जे ‘बघितलं, झालं, पुढे चला’ म्हणतात. यांच्यात निरोपांची सारखी ये-जा असते. आम्हाला जेवढं समजलंय त्याप्रमाणे, या आजारात तो निरोप मिटत नाही. फिरून फिरून पुन्हा तिथेच येतो. सुई हे निमित्त झालं. सुई नसती तर कुलूप असतं, गॅस असता.’’

‘‘डोक्याच्या फोटोत दिसेल का? माझ्या लेकीला दाखवते. म्हणजे तिला पटेल.’’

‘‘एकट्या तुमच्या फोटोत बोट ठेवून दाखवता येत नाही. पुष्कळ जणांचे फोटो एकत्र तपासले, तेव्हा निरोपांचा तो फेरा जास्त तापलेला दिसला. आणि औषधाने किंवा सरावाने बऱ्या झालेल्यांत तो थंडावतानाही दिसलाय.’’ त्यांनी कागद पुढे ओढला. ‘‘मला एक सांगा. तपासून खात्री केलीत, असं किती वेळा झालं असेल?’’

‘‘हजारो.’’

‘‘आणि पटली किती वेळा?’’

मावशी मोजायला गेली आणि एकही वेळ आठवेना. तिच्या सगळ्या जन्माची गोष्ट ‘केली’ आणि ‘पटली’ या दोन शब्दांत होती. खात्री करता येते. ती हाताचं काम आहे, चुंबक फिरवला की झाली. खात्री पटते ती मात्र आपोआप, आतून, जशी झोप लागते तशी. बाकीचे एकदा करतात आणि त्यांना पटते, म्हणून त्यांना वाटतं ही दोन कामं एकच आहेत. मावशीच्या आत करणारी बाई राबराब राबत होती आणि पटवून घेणारी कामावर आलीच नव्हती. मग करणारीला आणखी कामाला जुंपून काय उपयोग?

गोळ्या सुरू झाल्या. ‘‘कित्येक आठवडे काहीच फरक वाटणार नाही, सोडू नका,’’ असं बजावलेलं होतं. दर मंगळवारी सराव. सराव म्हणजे उलटी रीत: तपासायचं नाही, विचारायचं नाही, भीती अंगावर येऊ द्यायची आणि ती ओसरेपर्यंत बसून राहायचं. आधी स्वतःचं पोलकं न तपासता घालणं. मग उशी. पहिल्या दिवशी मावशी उशीवर डोकं टेकून दुपारभर दात आवळून पडली होती. लेकही दोन मंगळवारी बरोबर आली. तिला वेगळा धडा मिळाला: आईने ‘नाही ना राहिलं?’ विचारलं की ‘नाही’ म्हणायचं नाही. तुमचं ‘नाही’ म्हणजे आणखी एक चुंबक.

टोक अजूनही कानात मोडत होतं. ते जाईल असं डॉक्टरीणबाईंनी कधीच म्हटलं नाही. ‘‘मोडू द्या,’’ म्हणाल्या, ‘‘तुम्ही हात वर करू नका.’’

लेकीला परत जायला चार दिवस उरले तेव्हा मावशीने घरच्या मशिनवर झबलं शिवलं. गळ्याला पट्टी लावली. चुंबक तिने डॉक्टरीणबाईंना देऊन टाकला होता, तो त्यांच्या खणात होता. दुपारी तीन वाजता तिने ते एकदाही न उलटवता लेकीच्या हातात दिलं. लेकीने बाळाला घातलं आणि बाळ आपल्या आईच्या मांडीवर ठेवलं.

दहा मिनिटं बरी गेली. मग बाळ रडलं.

मावशीची बोटं झबल्याच्या काठाशी गेली.

‘‘राहिलंय का गं?’’

लेकीला ‘नाही गं आई’ म्हणायला काय जात होतं? ओठांवर आलेलं तिने गिळलं. ‘‘असेलही, नसेलही. मला माहीत नाही, आई. मी बसलेय इथे.’’

बाळ रडत राहिलं. बाहेर कोणीतरी बादली आपटली. मावशी ताठ बसून, घामाने निथळत नातीला डोलवत होती आणि आतलं मशीन धावत होतं, धावत होतं. तिने बोटं काठावरून उचलली आणि बाळाच्या डोक्यावर ठेवली. कधीतरी बाळ मुठी चोखत शांत झालं. आणखी बऱ्याच वेळाने मावशीचे खांदे बोटभर खाली आले. पटलं नव्हतं. पटल्याशिवायच ती बसून होती. लेकीने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘पुढच्या महिन्यात आणते हिला. तू घरी असशील ना?’’

तेवढ्यात नणंद आली, चपला काढतानाच बोलत. ‘‘अगंबाई, वहिनी! बाळ मांडीवर! बरं झालं बाई, सुटलीस एकदाची. आता नक्की काही वाटत नाही ना? नक्की?’’

प्रेमानेच विचारलं होतं तिने. पण मावशीचा हात पुन्हा झबल्याच्या गळ्यापाशी गेला आणि अधांतरी थांबला. खाली येतो की मागे फिरतो, हे त्या हातालाही ठाऊक नव्हतं.

‘‘आत्या,’’ लेक उठत म्हणाली, ‘‘तू आधी आत चल. चहा टाकते.’’

बराच वेळ अधांतरी राहून हात मागे फिरला. आज फिरला. उद्याचं उद्या.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगणं आहे: अशी बाई, असा माणूस तुमच्या घरात, शेजारी, कामाच्या जागी असेल, तर त्याच्याजवळ बसा, त्याला दवाखान्यात न्या, चहा पाजा, हवं तर त्याच्याशी भांडा. पण मेहेरबानी करा, ‘नक्की?’ एवढं विचारू नका.